मला सांगू नका त्या फरशीचं कौतुक

मी एक जुना कसोटीचा दगड आहे.

मित्रांनो, आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा असतो. माझ्याकडे जन्म नाही. दगड जन्मत नाही, फुटतो. कुठल्याशा नदीत मी कुणापासून तरी फुटलो, पाण्यानं घासून गुळगुळीत झालो आणि एका सोनाराच्या हाती लागलो. संपलं बालपण.

पुढचं सांगतो. पण सांगताना मध्येच थांबेन आणि मध्येच चिडेन. मला हेवा वाटण्याची सवय आहे, आणि हेवा सरळ ओळीत सांगता येत नाही.

*सोनेरी रेघ*

कोल्हापुरात सराफांच्या गुजरीमागच्या बोळात केरबा सोनारांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. मी केरबांच्या उजव्या हाताशी, मऊ फडक्यावर बसलेला असे. गिऱ्हाईक दागिना पुढे करी. केरबा तो माझ्या काळ्या अंगावर घाशीत. पिवळी रेघ उठे. तिच्याशेजारी ते खात्रीच्या सोन्याची दुसरी रेघ ओढत आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडत. खोटी रेघ विरून जाई. खरी राही. राहिली की केरबा मान वर करून म्हणत, "कसाला उतरलं."

एवढ्या दोन शब्दांवर बोळातली भांडणं मिटत. पाटल्या घेऊन आलेली सासू आणि दाराशी डोळे पुसत उभी राहिलेली सून, दोघी एकाच रिक्षातून घरी जात. लोक केरबांना मानत. केरबा मला मानत.

तरी मी सुखी नव्हतो. दिवसभर राबायचो मी, आणि काचेच्या पेटीत बसायचा तराजू. खंडेनवमीला पहिलं कुंकू त्याला. सोन्याचं तर नावच नको. माझ्या अंगावर रेघ सोडून ते कुणाच्या तरी गळ्यात जाऊन मिरवायचं, आणि माझी रेघ खोबरेल तेलानं पुसली जायची.

हे सगळे लहान हेवे. मोठा हेवा १९९९ सालच्या आषाढात आला. पोत्यातून आला.

*पोतं*

पोतं आणलं कृष्णातनं. कृष्णात म्हणजे केरबांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा, बायडाबाईंचा, धाकटा भाऊ. राहायला कोडोलीत. घरची थोडी शेती, एक बैलजोडी, आणि उन्हाळ्यात ट्रकवर ड्रायव्हरकी.

त्यानं पोतं जमिनीवर उलटं केलं, आणि दुकान रंगांनी भरलं. हिरवे दगड. निळे दगड. गंजासारखे तपकिरी, काजळासारखे काळे. एक तर पांढऱ्या गारगोटीवर कच्च्या कैरीच्या सालीसारखा फिकट हिरवा थर चढलेला. मी आयुष्यभर काळा. माझी ओळखच काळेपणाची. आणि हे माझेच भाऊबंद, दगडच, असे नटून आलेले! मला बघवेना.

"काय हो पावणं, धोंडं विकाय काढलं व्हय?" केरबा म्हणाले.

"दाजी, चेष्टा नगं. सोन्याच्या खाणीतला माल हाय ह्यो."

"कुठली खाण?"

"कर्नाटकात. कवा बंद पडलीया कुणालाच ठावं न्हाय. भाईरचा जुना ढिगारा आमच्या ट्रकात भरत्यात आन् रस्त्याच्या कामावर टाकत्यात. त्यात ही असली रंगीत निघत्यात. म्या उचलली."

"आन् करणार काय ह्यांचं?"

कृष्णातनं छाती पुढे काढली. "बेंदूर परवाला आलाय. गेल्या साली हंबीररावानं बैलांची शिंगं मोरपंखी रंगिवली आन् मानाचा फेटा घिऊन गेला. गाव निस्तं त्याच्या बैलांमागं. आमच्या दारावरनंच जातोय, मुद्दाम मिशीवर हात फिरवत. माझी जोडी काय वाईट हाय? यंदा असा रंग लावतो, असा रंग लावतो की, कुठल्या दुकानातबी मिळायचा न्हाय."

त्यानं तो कैरीच्या सालीसारखा दगड उचलला. "ह्यातलाच एक सकाळी खलबत्त्यात कुटून दिलाय घरात. अळशीच्या तेलात कालवून बायको आज दुपारी पयला हात देणार. वाळाय दोन दिस लागत्यात न्हवं?"

"मग हिकडं कशाला आलास बाबा?"

"मनात आलं, सोन्याच्या खाणीतलं हाय. सोनं असंल तर? बैलाच्या शिंगाला सोनं फासून बसायचो. आधी कस लावा की!"

मित्रांनो, मला हा माणूस लगेच कळला. दुसऱ्याचं चांगलं बघून ज्याला जेवण जात नाही, त्याला त्याच्यासारखाच ओळखतो.

*न उठलेल्या रेघा*

केरबांनी हिरवा दगड माझ्यावर घासला. मळकट धूळ. निळा घासला. मळकट धूळ. काळा घासला, आणि काळ्यावर काळं असं काही दिसलंच नाही. पुसलं, पुन्हा घासलं. तेच.

"काय उमगंना गा," केरबा म्हणाले.

हे शब्द त्या दुकानात मी पहिल्यांदा ऐकले. काचेच्या पेटीतला तराजू वाऱ्यानं किंचित हलला. मला वाटलं, हसला.

तेवढ्यात समोरच्या मीनाबाईंची दीप्ती आली. आईच्या कानातली कडी जोडायला टाकली होती, ती न्यायला. दीप्ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होती. दगड बघितल्याबरोबर तिनं चपला दारातच उडवल्या आणि खाली बसली. कडी राहिली बाजूला.

"काका, हे काळ्यावर नाही कळायचं. काळ्यावर सोन्याची पिवळी रेघ उठून दिसते, म्हणून तुमचं भागतं. हे रंगाचे दगड. ह्यांना पांढरं पाहिजे."

"आता पांढरा दगड कुठनं आणू?"

"दगड कशाला?" असं म्हणून ती बाहेर गेली. बोळात कुणाच्या तरी न्हाणीघराच्या कामाचा राडारोडा पडला होता. त्यातून तिनं फुटक्या फरशीचा एक तुकडा उचलला, नळाखाली धुतला, आणि आणून माझ्याशेजारी ठेवला. माझ्या फडक्यावर. तोही उलटा! तुकतुकीत बाजू खाली, खरखरीत पाठ वर.

तिनं काळा दगड त्या पाठीवर ओढला. रेघ रक्तासारखी लाल उठली.

"अगं आई!" पडद्याआडून बायडाबाई बाहेर आल्या. "काळ्या धोंड्यातनं कुंकू निघालं की!"

"लोखंड आहे, काकू. गंजलेलं लोखंड. वरून काळं दिसलं तरी रेघ खोटं बोलत नाही." मग तिनं तपकिरी दगड ओढला. पिवळट रेघ. "हेही लोखंडच, पण पाणी प्यालेलं." मग हिरवा. हिरवी रेघ. मग निळा. आभाळाच्या रंगाची रेघ. "ही दोन्ही तांब्याची. खाणीत हवा शिरते, पावसाचं पाणी झिरपतं, आणि आतल्या धातूंना असे रंग चढतात."

"म्हंजे कळकल्यालं म्हण की," बायडाबाई म्हणाल्या. "पितळंच्या भांड्यात ताक ठिवलं की हिरवं येतंय, तसलंच."

"अगदी तसंच. डोंगर कळकलाय."

सगळे हसले. सगळे वाकून त्या तुकड्याकडे बघत होते. लाल, पिवळी, हिरवी, निळी. केरबांनी तर तो हातात घेतला, उजेडाला धरला, आणि म्हणाले, "झकास हाय गा ही चीज." माझे केरबा! ज्यांच्या हाताखाली मी कितीतरी उन्हाळे-पावसाळे काढले, ते एका न्हाणीघराच्या फरशीला झकास म्हणाले.

न्हाणीघराच्या, मित्रांनो.

*फिकी रेघ*

शेवटी तो कैरीच्या सालीचा दगड उरला. दीप्तीनं तो फरशीवर ओढला.

काही नाही.

जोरात ओढला. काही नाही. मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही. दगडाला नाचता येत नाही, नाहीतर मी नाचलो असतो.

"ह्याची रेघच पांढुरकी असणार," दीप्ती म्हणाली. "पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार? काका, तुमची कसोटी द्या बघू."

बघितलंत? शेवटी माझ्याकडेच आले की नाही? तिनं तो दगड माझ्यावर ओढला, आणि माझ्या काळ्या अंगावर एक फिकी, हिरवट पांढरी रेघ उठली. केरबांच्या हातानं सवयीनं तेजाबाची कुपी उचलली. थेंब पडला. सगळे बघत राहिले.

रेघ विरली नाही. राहिली.

"राहिली!" कृष्णातनं मांडीवर थाप मारली. "दाजी, कसाला उतरलं! बगा, कसाला उतरलं की!"

आतल्या खोलीतून केरबांच्या आई, धोंडुबाई, माळ ओढता ओढता ओरडल्या, "काय उतरलं रं?"

"दगूड, आत्ती! म्या कुटून दिल्याला दगूड! आता बगतो हंबीररावाच्या मिशीकडं!"

ती रेघ सोन्याची नव्हती. सोन्याची रेघ चमकते, ही खडूसारखी मेलेली होती. पण त्या क्षणी फरशी हरली होती आणि मी जिंकलो होतो. मला तेवढं पुरत होतं.

दीप्तीनं मात्र दगड फिरवून गारगोटीकडची बाजू बघितली. तिथे चंदेरी ठिपके होते.

"काका, तेजाबात टिकलं म्हणजे चांगलंच असं नाही. अशी फिकी रेघ कितीतरी दगडांची उठते. सोन्याच्या खाणीत सोन्याच्या सोबतीला एक चंदेरी खनिज असतं. ते कळकलं की असाच हिरवट थर येतो, असं आम्हाला शिकवलंय. आणि ते असलं तर…"

"तर काय?" कृष्णात म्हणाला.

"मला नक्की माहीत नाही. उद्या कॉलेजात सरांना दाखवते."

"उद्या? अगं पोरी, पयला हात आज हाय!"

"मग विस्तवाला विचारू," केरबा म्हणाले आणि त्यांनी शेगडी पुढे ओढली.

"काका, डाळीएवढाच तुकडा घ्या. दार सताड उघडा. आणि वास ओढून घेऊ नका."

केरबांनी कोळशाला खळगा पाडला, त्यात दगडाचा कण ठेवला, आणि फुंकणीनं दिव्याची ज्योत त्यावर वळवली. कण तापला. पांढरा धूर निघाला. बारीकसा, सुतासारखा.

आणि आतून धोंडुबाई कडाडल्या.

"बायडे! आज एकादशी! लसूण कुणी परतला गं?"

बायडाबाईंचा चेहरा लाल झाला. "आत्याबाई, मी हितं उभी हाय! शाबू भिजत पडलाय. कांदा-लसूण नवमीलाच घराभाईर घातलाय मी, तुमच्यासमोर!"

"मग मला काय नाक न्हाय व्हय? चांगला फोडणीचा वास येतोय!"

"आक्का, मलाबी येतोय की," कृष्णात हळूच म्हणाला.

"तू गप! माझ्या घरात एकादशीला लसूण म्हणतोस?"

सासू-सुनेचं जुंपणार, इतक्यात दीप्ती ओरडली, "काका, फुंकणी खाली ठेवा! सगळे बाहेर या! आजी, तुम्ही पण!"

सगळे बोळात आले. धोंडुबाई माळेसकट.

"लसूण नाही, आजी," दीप्ती म्हणाली. "सोमल आहे. सोमल असलेला दगड तापला की लसणासारखा वास येतो."

भूगर्भशास्त्रातला शब्द असता तर कुणाला कळला नसता. सोमल सगळ्यांना कळला. उंदरांना घालतात तो. धोंडुबाईंची माळ बोटात तशीच थांबली.

कृष्णात खाली बसला. "बैलं एकमेकाला चाटत्यात," तो म्हणाला. "आन् माझी बायको हातानंच कालवणार."

*मुठीत*

पुढचं मला दिसलं नाही, ऐकू आलं. बोळात येताना कृष्णातनं घाईत मला उचललं होतं, आता मुठीत मिटलं; का ते त्यालाही ठाऊक नसेल. तो बोळाच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी बूथकडे पळाला. मागून दीप्ती.

"घरी फोन आहे का?"

"न्हाय. आमच्या गल्लीत एकाकडंच हाय."

"कुणाकडं?"

कृष्णातची मूठ माझ्याभोवती आवळली.

"हंबीररावाकडं."

त्यानं नंबर फिरवला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मुठीत बसून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"कोण? कृष्णात? माझ्या घरला फोन? आज सूर्व्या कुठनं उगावला म्हणायचा?"

"हंबीरराव, पाया पडतो तुमच्या. माझ्या गोठ्याकडं जावा. हिरवा रंग कालवलाय, त्यो बैलास्नी लावू दिऊ नगा. इख हाय त्यात."

"इख? आन् बैलास्नी लावाय काढलंस? शुद्धीत हाईस न्हवं?"

"ठावं न्हवतं ओ."

"कशापायी केलतास ह्यो उद्योग? बाजारात रंग संपल्यात व्हय?"

मुठीत बसून मी कृष्णातची नाडी मोजू शकलो असतो.

"तुमच्यावर कडी कराय," तो म्हणाला.

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज, आणि पायताणं फटाफटा वाजत लांब गेल्याचा आवाज.

आम्ही थांबलो. बूथवाला म्हणाला, "लाइन चालू हाय बरं का." कृष्णात पुटपुटत होता, "चाटू नगा रं. चाटू नगा."

पायताणं परत आली.

"एका शिंगाला लावलं हुतं वहिनीनं," हंबीरराव धापा टाकत म्हणाला. "दुसरं धराय बैल दिईना, म्हणून अडल्यालं. दोन्ही बैल लांब लांब बांधलंत म्या. वाटी हातातनं काढून घेतली. आता काय करू, बोल."

दीप्तीनं रिसीव्हर ओढून घेतला. शिंग साबणानं धुवा, पाणी दावणीत आणि विहिरीकडे जाऊ देऊ नका, चिंध्या आणि पूड डब्यात घालून झाकण घट्ट लावा, वहिनींचे हात कोपरापर्यंत धुवा, तुमचेही धुवा, आणि पोरांना लांब ठेवा.

"बरं. आन्?"

"आणि ज्या खलबत्त्यात कुटलं, तो वापरू नका. तोही बाजूला काढा."



"कृष्णातला दे," हंबीरराव म्हणाला.

कृष्णातनं घाबरत रिसीव्हर कानाला लावला.

"मर्दा, त्यो खलबत्ता माझ्या घरचा हाय! परवा तुझ्या बायकोनं मागून नेलाय. संध्याकाळी त्यात चटणी कुटाय आमची म्हातारी मागाय येणार हुती!"

मूठ सुटली. मी बूथच्या फळीवर पडलो. कृष्णात रडत होता की हसत होता, मला नीट कळलं नाही. मला सोन्याशिवाय फारसं कळत नाही.

*हिरवी पुसली*

बैल वाचले. बायकोच्या हाताला पुरळसुद्धा उठलं नाही.

बेंदूर झाल्यावर कृष्णात दुकानात आला आणि हसत हसत सगळं सांगू लागला. त्याच्याकडे रंगच उरला नाही म्हटल्यावर हंबीररावानं आपला अर्धा डबा त्याच्या दारात आणून ठेवला होता. "बोडक्या शिंगांची जोडी माझ्या शेजारी चालली तर मलाच लाज," असं म्हणून. मिरवणुकीत दोन्ही जोड्या सारख्याच मोरपंखी. कुणाची कुठली ते गावाला कळेना. शेवटी फेटा गेला तिसऱ्यालाच, ज्यानं नुसती तांबडी हुरमुंजी फासली होती. आणि कृष्णातनं हंबीररावाच्या घरी नवा खलबत्ता नेऊन दिला, तेव्हा म्हातारीनं त्याला आधी हात धुवायला लावले.

केरबा पोट धरून हसले. बायडाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी हसलो नाही. दोन हेवेकरी एका डब्यातला रंग वाटून घेतात, आणि मी मात्र तिथेच.

कारण त्या फरशीचं काय झालं, ऐका. दीप्तीनं ती कागदात गुंडाळून कॉलेजात नेली. दगडही तिकडेच गेले. सरांनी तिच्यावरच्या रेघा बघून तिला कपाटात ठेवली. काचेच्या कपाटात. खाली चिठ्ठी लावली. दर वर्षी नवी मुलं येतात आणि तिच्याकडे बघतात, असं दीप्ती येता-जाता सांगते. फुटकी, उलटी, न्हाणीघराची. काचेत!

आणि माझ्यावरची ती फिकी रेघ, माझ्या जन्मातली एकमेव हिरवी रेघ, केरबांनी कोळशाची पूड आणि तेल लावून घासून घासून काढली. फडकंसुद्धा टाकून दिलं.

*आता*

पुढच्या काही वर्षांत केरबा थकले. दुकानात त्यांचा मुलगा आदर्श बसू लागला. त्यानं एक यंत्र आणलं. झाकण उघडायचं, दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचं. पडद्यावर आकडा येतो. गिऱ्हाईक आकडा वाचतं आणि मान हलवतं. "कसाला उतरलं" असं आता कुणी म्हणत नाही. पंखा लागला की बिलं उडतात, म्हणून माझी नेमणूक बिलांवर झाली आहे. यंत्राचा हेवा करायलाही मला आता कंटाळा येतो. तराजूही माळ्यावर गेला. त्याचं मात्र मला बरं वाटलं.

मित्रांनो, इथे उपदेश करायची रीत आहे. हेवा सोडा, असं मी सांगणार नाही. मला तो सुटलेला नाही, आणि जे आपल्याकडे नाही ते दुसऱ्याला वाटू नये. वेगळंच मागतो.

रानात, खाणीत, रस्त्याच्या खडीत रंगीत दगड सापडला, तर पोटभर बघा. तो कसा रंगला, त्याच्या आत कोणता धातू कळकला, ते जाणत्याला विचारा. पण चाटू नका, कुटू नका, चुलीत घालून वास घेऊ नका. घरी आलात की हात धुवा. आणि अमुक गोष्ट कसाला उतरली असं कुणी छाती ठोकून सांगितलं, तर एवढं विचारा, की कुणाच्या कसाला? घासणारा काहीही घासतो. दगडाला काय कळतं, ते आधी माहीत करून घ्या. आम्हा जुन्या दगडांना जपा, रोज पुसा, पण आमच्या आवाक्याबाहेरचं आमच्या तोंडी घालू नका.

मला सोनं कळतं. दुसरं काही कळत नाही. हे म्हणायला मला फार वर्षं लागली, आणि म्हणताना अजूनही आवडत नाही.

पण पांढऱ्यावरचं पांढरं त्या फरशीलाही कळलं नव्हतं. कॉलेजात गेलात, काचेच्या कपाटापुढे उभे राहिलात, तर तिला एवढी आठवण करून द्या.